एक्केचाळीस नंबरची बाटली

अनुसयाबाई, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोच आहे. सवय सुटत नाही. दहा वर्षं आपण भांडत आलो. कधी बर्फावरून, कधी चिकटपट्टीवरून, कधी तुम्ही रजिस्टरच्या समासात जे मनाला येईल ते लिहून ठेवायचा त्यावरून. प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य तुमचं असायचं आणि मी पेटी उचलून बसच्या दिशेनं चालू लागायचो. आता शेवटचं वाक्य माझ्याकडे आलं आहे, आणि ते मला नको आहे.

तुम्ही नर्स होतात त्या उपकेंद्रात मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझी चोविशी उलटायची होती. एकोडीच्या पलीकडचं गाव, दोन खोल्यांचं कौलारू उपकेंद्र, समोर बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि तिच्या बांधावर वाळत घातलेली तुमची पांढरी लुगडी. माझ्या हातात लाकडी पेटी होती. पेटीत धानाचा कोंडा, कोंड्यात पितळी डबा, डब्यात बर्फ. भंडाऱ्याच्या पितळवाल्याकडून तो डबा मुद्दाम बनवून घेतला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. मी तुम्हाला ऐटीत समजावलं की दोन वर्षांच्या आतल्या ज्या ज्या लेकराला जुलाब होतील, त्याची शी बाटलीत घ्यायची, बर्फात ठेवायची, मी आठवड्यातून दोनदा येऊन नेईन. भंडाऱ्याहून ती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाईल आणि तिथं मोठ्या भिंगाखाली बघतील की लेकरांच्या आतड्यात कोणता विषाणू शिरतो आहे. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणालात, "कालेज शिकून पोट्ट्यायची शी जमा कराले आले काय, भाऊ?"

मला राग आला होता. मला तेव्हा लवकर राग यायचा, अजूनही येतो. पण त्याच दिवशी तुम्ही मला जे शिकवलं ते भंडाऱ्यात ज्यांच्या हाताखाली मी हे काम करत होतो त्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आजारी लेकराची शी या भागात कुणी परक्याच्या हाती देत नाही. कुणी तिच्यावर काही केलं तर, ही धास्ती. आई ती राखेत घोळून स्वतः पुरून येते. तुम्ही म्हणालात की मागून कुणी देणार नाही, आणि सरकारी धाक दाखवला तर शेजारच्या धडधाकट पोराची आणून देतील. मग तुम्हीच रीत बसवली. बाटली आईसमोर भरायची. बूच आईनंच लावायचं. आणि बाटली घेऊन जाताना उंबऱ्यावर उभं राहून शब्द द्यायचा, की यातून जे निघेल ते मी याच दारात येऊन सांगेन. लेकरू असो की नसो.

त्या शब्दावर आपलं सगळं काम चाललं, बाई. माझ्या पितळी डब्यावर नाही. तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रांवरून आठवड्याला कशीबशी एखादी बाटली यायची आणि तुमच्याकडे पेटी भरून जायची. डॉक्टर मला विचारायचे, ही बाई काय जादू करते? मी म्हणायचो, माझं त्यांच्यावर लक्ष असतं.

बाटल्या म्हणजे पेनिसिलीनच्या रिकाम्या कुप्या. धुवायच्या, उकळायच्या आणि शी भरायला वापरायच्या. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून मी दर हंगामाला एकपासून नंबर लिहायला सांगितलं होतं, पण बर्फाच्या पाण्यात पट्टी निघून जायची आणि भंडाऱ्याला पोचेपर्यंत कोणती कुणाची ते देवच जाणे. तुम्ही सुई चुलीत लाल करून रबरी बुचावरच नंबर कोरायला लागलात. मी म्हटलं, असं नियमात नाही. तुम्ही म्हणालात, "नियमाले पाण्यात टाकून पाहा, टिकते काय ते." पुढे सगळ्याच केंद्रांवर बुचावर नंबर कोरायला लागले आणि त्याचं श्रेय मी बैठकीत स्वतःकडे घेतलं. तुम्ही मागच्या बाकावर बसून पदराआड हसत होतात. मी पाहिलं होतं.

तुमचं हसणं मला कळायचं, तुमची चीड फार उशिरा कळली. एकदा दुपारी एका मोठ्या घरी आपण दोघं होतो. त्यांच्या नातवाची शी तुम्ही हातानं बाटलीत घेतली, त्याचं ढुंगण धुतलं, त्याला दुपट्यात गुंडाळलं. मग पाणी मागितलं तर मला गडू दिला आणि तुमच्या ओंजळीत वरून ओतलं. तुमच्या वडिलांनी छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा तुम्हीही बरोबर होतात, हे तुम्ही मला त्या दिवशी परतीच्या वाटेवर सांगितलं. आणि म्हणालात, "लेकराची शी चालते, हात चालत नाई. बाटण्यालेबी अक्कल लागते, भाऊ." मी गडूनं पाणी प्यायलो होतो. निदान तेवढं तरी तुम्हाला तेव्हाच म्हणायला हवं होतं, की मला लाज वाटली.

समासातल्या त्या तुमच्या नोंदींवरून आपण किती वाद घातला. रजिस्टरात नाव, वय, तारीख, नंबर एवढंच हवं, असा माझा हट्ट. तुम्ही बाजूला बारीक अक्षरात लिहायचा: आधी उलटी, मग जुलाब, घरात धाकट्याआधी थोरल्याला झाले, धान कापून झाल्यावर सुरू झाले. एकदा डॉक्टरांनी ते रजिस्टर उघडलं आणि तासभर मिटलंच नाही. पावसाळ्यातले जुलाब वेगळे आणि थंडीतले वेगळे, थंडीत आधी उलटी होते आणि अंग तापतं, हे तुम्ही दोन हिवाळ्यांत लिहून ठेवलं होतं. त्या थंडीतल्या बाटल्यांमध्येच तो विषाणू सापडायला लागला.

डॉक्टरांनी त्याचं छायाचित्र आणलं तो दिवस आठवतो? करड्या कागदावर गोल गोल ठिपके, कडेनं आरे असल्यासारखे. मी गंभीर होऊन सांगायला लागलो की हा इतका बारीक असतो, की साध्या भिंगातून दिसत नाही. तुम्ही कागद उजेडात धरलात आणि म्हणालात, "हे तं बैलबंडीचं चाक होय." डॉक्टर चकित झाले, कारण त्याचं नावच चाकावरून पडलं होतं. तुम्ही तो कागद मागून घेतलात आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलात. पुढे घरोघरी तुम्ही तो दाखवत फिरलात. हे पाहा, हे तुमच्या लेकराच्या पोटात होतं, हातावरून तोंडात जातं, कुणाची नजर नव्हती, कुणाचं पाप नव्हतं.

आणि तरी मला विचारायचा की नाव समजलं तर लेकरू वाचतं का? मी म्हणायचो, आज नाही, पण एक दिवस लस निघेल, आणि ती निघायला आधी शत्रूचं नाव माहीत पाहिजे. तुम्ही म्हणायचा, तोवर मी मीठ-साखरेचं पाणी पाजते. हा वाद आपण इतक्या वेळा घातला, की दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ झाली होती. खरं म्हणजे तुम्हाला नावाची किंमत माझ्याहून जास्त कळत होती. मला ती प्रयोगशाळेसाठी हवी होती, तुम्हाला आयांसाठी.

शकुनची गोष्ट आता मी टाळू शकत नाही. तुम्हीही समोर असतात तर आतापर्यंत चहाचं आधण ठेवून विचारलं असतं, की मुद्द्यावर कधी येता.

शकुन वीस-एकवीस वर्षांची. धानाची थोडी शेती असलेलं घर, नवरा, सासू आणि अकरा महिन्यांचा मुलगा. धान घरात आलं होतं, अंगणात तणशीचा, वाळल्या पेंढ्याचा ढीग होता, आणि त्या पोराला आधी उलट्या आणि मग जुलाब लागले. तुम्हाला निरोप आला तेव्हा दुसरा दिवस होता. तुम्ही बाटली भरली, शकुननं बूच लावलं, तुम्ही चमच्यानं पाणी पाजत तिथंच बसलात. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेलं. सासू म्हणाली की सुनेच्या दुधानं गेलं, दूध बाधलं. शकुनला तेव्हा तिसरा महिना लागला होता. सासूनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की पुढच्या लेकराला हिच्या छातीशी लावायचं नाही. महिन्याभरात अंगणात एक बकरी आणून बांधली. ती बकरी कशासाठी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पोर गेलं त्या दिवशी मी पेटी घ्यायला आलो तेव्हा तुम्ही दारातच उभ्या होतात. पेटीत एकच बाटली ठेवायची होती. तुम्ही म्हणालात, "भाऊ, ही एक्केचाळीस नंबर जिवापाड न्या. ते पोरगी मले इचारते, बाई, माह्या दुधानं मेलं काय हो लेकरू? मी तिले शब्द देल्ला आहे." मग तुम्ही मला हळू आवाजात सांगितलं, की बकरीचं दूध आणि बोडीचं पाणी यावर अंगावरचं लेकरू कसं जगतं ते तुम्ही पाहिलं आहे. म्हणजे त्या बाटलीवर गेलेल्या पोराचं नव्हे, येणाऱ्या पोराचं ठरणार होतं. हे मला नीट समजलं होतं. मला समजलं नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही.

लाखनीला मी बसमधून उतरलो. तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही, की त्या दिवशी लाखनीला मला मुलगी पाहायला बोलावलं होतं. मामानं ठरवलं होतं, दुपारी अर्ध्या तासाचं काम, चहापोहे आणि पुढची बस. पेटी मी त्यांच्या ओट्यावर सावलीत ठेवली. चहा झाला, पोहे झाले, मुलगी आली, मला आवडली. मग जेवल्याशिवाय जायचं नाही असा आग्रह झाला. ऊन ओट्यावर सरकत सरकत पेटीवर आलं असणार. मी आत बसून तिच्या भावाला विषाणू म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. संध्याकाळची बस निघून गेली आणि मुक्काम पडला. सकाळी पेटी उघडली तर बर्फाचा खडाही उरला नव्हता. डब्यात कोमट पाणी आणि त्यात तुमची कुपी तरंगत होती.

नियम साफ होता. बाटली गरम झाली तर नंबरापुढे तसं लिहून सही करायची. पण महिन्यापूर्वीच माझ्या हातून दोन बाटल्या फुटल्या होत्या आणि डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी एक गेली तर दुसरा माणूस बघतो. माझी नेमणूक कच्ची होती. लाखनीहून होकार यायचा होता. मी नंबर चढवलाच नाही. शी ओतून दिली, कुपी इतर रिकाम्या कुप्यांबरोबर उकळायला टाकली. आणि दीड महिन्यानं बाकीचे निकाल आले तेव्हा तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी माझ्या हातानं लिहून घातली. एक्केचाळीस: काही सापडले नाही.

मला वाटलं होतं, यात कुणाचं काही जात नाही. सापडलं नाही तर नाही. असं अनेक बाटल्यांचं होतं.

पुढच्या खेपेला गल्लीत शकुनची सासू मला भेटली. बकरी सोडून चरायला नेत होती. तिनं आपणहून सांगितलं, की नर्सबाईनं येऊन सांगितलं, सुनेच्या दुधात दोष नव्हता, कागदावर लिहूनही दिलं. तिचा चेहरा विचित्र दिसत होता. सुटल्यासारखा आणि ओशाळल्यासारखाही. मी तरातरा उपकेंद्रात आलो.

तुम्हाला मी काय काय बोललो ते सगळं मला आठवतं. मी म्हणालो की तुम्ही खोटा निकाल वाटता. काही सापडलं नसताना सापडलं म्हणून सांगता. असंच करायचं तर एवढा बर्फ, एवढी धावपळ कशाला? विज्ञान म्हणजे काय खेळ आहे? मी टेबलावर हात आपटला. बाहेर लसीसाठी आलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. तुम्ही सगळं ऐकलं. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, की तुम्ही जे सांगितलं ते खरं सांगितलं. आणि मग विचारलंत, "तुमच्या चिठ्ठीत जे लिहिलं आहे, ते तुमी आपल्या डोळ्यानं पायलं काय, भाऊ?"

मी हो म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत. तेव्हा मला वाटलं होतं, की तुम्ही खजील झाला आहात. मग म्हणालात, "मंग ठीक आहे, साहेब."

त्यानंतर तुम्ही मला कधी भाऊ म्हटलं नाही. जवळजवळ आठ वर्षं. चहा तोच, थट्टा तीच, वाद तेच, पण साहेब. मी त्याचा अर्थ असा लावला, की चूक पकडली गेली म्हणून बाई फुगल्या आहेत. त्या हिवाळ्यापासून वर्षभर शकुनच्या गल्लीतून एकही बाटली आली नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, बाई आता ढिल्या पडल्या आहेत. हेही तुम्हाला माहीत नव्हतं, किंवा होतं. आता मला कशाचीच खात्री उरलेली नाही.

लाखनीच्या मुलीशी माझं लग्न झालं. तुम्ही अहेर म्हणून पितळी चमचा दिलात, तेव्हा मला तो विनोद वाटला. आमची मुलगी दहा महिन्यांची असताना ऐन थंडीत तिला आधी उलटी झाली आणि मग जुलाब. मी सगळं जाणणारा माणूस, नुसता दारात बसून राहिलो. तुम्हाला कुणी कळवलं कोण जाणे. पहिल्या बसनं तुम्ही भंडाऱ्याला आलात, रिक्षावाल्याला पत्ता विचारत घरी पोचलात, हात धुतलेत आणि माझ्या बायकोकडून मीठ, साखर, उकळून गार केलेलं पाणी मागितलंत. पाणी आधी स्वतः चाखलंत आणि तिला चाखवलंत, आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. त्याच पितळी चमच्यानं तुम्ही दोन दिवस माझ्या लेकीला पाणी पाजलं. मधेमधे बायकोला सांगत होतात, की अंगावर पाजणं थांबवू नकोस, तुझ्या दुधासारखं औषध नाही. माझी मुलगी जगली. जाताना मी तुम्हाला बसपर्यंत सोडायला आलो. वैनगंगेवरून वारा येत होता, तुम्ही पदर कानाला गुंडाळला होता. तेव्हा मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तुम्ही म्हणालात, बस लागली, साहेब. आणि मी तुमची पिशवी वर दिली.

मागच्याच वर्षी डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, की हा विषाणू भलता चिवट आहे. उन्हात राहिलेल्या, दिवस दिवस तशाच पडलेल्या बाटलीतही तो भिंगाखाली दिसतो. बर्फ होता तर बरं, नव्हता तर काही फार बिघडलं नसतं. मी ऐकलं आणि खोलीबाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. म्हणजे ती कोमट कुपी मी नुसती पाठवली असती तरी चाललं असतं. लाज गिळून दोन ओळी लिहून पाठवली असती तर त्या चाकानं स्वतःच शकुनला उत्तर दिलं असतं. हल्ली माझ्या खेपा विरळ झाल्या होत्या; हे तरी तुम्हाला सांगावं म्हणून मी या दिवाळीनंतर यायचं ठरवलं होतं. कळलं तेव्हा छातीच्या दुखण्यानं तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले होते, आणि मी आलो तो थेट तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला.

तुमच्या मुलीनं मला बाजूला बोलावलं. म्हणाली, आईजवळ सरकारी वस्तू होत्या, त्या तुमच्याकडे द्यायला सांगून गेली. वजनकाटा, चमचे, ते चाक चिकटवलेलं रजिस्टर आणि एक पत्र्याची डबी. डबीत सुया, दोरा आणि एक रबरी बूच. मी ते हातात घेतलं. चुलीत तापवलेल्या सुईनं कोरलेला नंबर उकळूनही जात नाही, बाई. एक्केचाळीस.

शहराला गेलेली बाटली कधीच परत येत नव्हती. परत येत होत्या त्या फक्त न वापरलेल्या, उकळलेल्या कुप्या, आणि त्या मीच तुम्हाला आणून देत होतो. म्हणजे माझी चिठ्ठी यायच्या कितीतरी आधी ते बूच तुमच्या हाती पडलं होतं. मी टेबलावर हात आपटला तेव्हा ते बूच त्याच टेबलाच्या खणात, या डबीत होतं. आणि तुम्ही मला विचारलंत, आपल्या डोळ्यानं पायलं काय. तुम्ही मला एक वाट उघडी करून दिली होती आणि मी तुमच्याकडे पाहून हो म्हणालो.

मी तिथंच बाजेवर बसलो. मग शकुन आली. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. तिच्यासोबत सात वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट. हीच ती, पोटातली. वनिता. आईच्याच दुधावर वाढली, शकुन म्हणाली, बकरी त्याच साली विकून टाकली. सासूच म्हणाली, विका. सासूलाही तिच्या सासूनं असंच ऐकवलं होतं म्हणे, दोन लेकरं गेली तेव्हा. ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा नर्सबाईंपाशी काढलं आणि रडली.

मग शकुननं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बाईनं दिलेला, जपून ठेवला आहे, म्हणाली. वाचता येत नाही, पण आता पोरगी वाचते. आणि तुमच्या अंगणात, तुमच्या फोटोसमोर, त्या मुलीनं दुसरीतल्या मुलांसारखं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं.

"बाळाच्या शीची बाटली माझ्या हातून वाया गेली. तपासणी झाली नाही. त्यामुळे बाळ कशानं गेलं ते सांगता येत नाही. आईच्या दुधात दोष होता असं कुठंही निघालेलं नाही. पुढच्या बाळाला आईचंच दूध द्यावं."

खाली तुमची सही होती आणि उपकेंद्राचा शिक्का.

तुम्ही खोटं सांगितलंच नव्हतं. सबंध कागदात एकच वाक्य खोटं होतं आणि ते माझं होतं, तुम्ही ते स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. बाईच्या हातून बाटली वाया जाते, म्हणून त्या गल्लीनं वर्षभर तुम्हाला बाटली दिली नाही. बाईंनी शब्द दिला आणि पाळला नाही, असं त्या दारात उभं राहून तुम्ही स्वतःबद्दल सांगितलंत. ज्या शब्दावर तुमचं सगळं उभं होतं, तोच शब्द. आणि मी डॉक्टरांना म्हणालो होतो, बाई ढिल्या पडल्या आहेत.

मला कुणी विचारलं नव्हतं. शकुन कागदाची घडी घालत होती, मुलगी तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्तीकडे पाहत होती. मी म्हणालो, "शकुनबाई, ती बाटली त्यांच्या हातून गेली नाही. माझ्या हातून गेली. मी लपवलं."

ती थांबली. मला वाटलं शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तिनं कागद पिशवीत ठेवला, पिशवी कमरेला खोचली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बाईले सांगाचं होतं, साहेब."

म्हणून सांगतो आहे, बाई. एक्केचाळीस नंबर मी लाखनीला उन्हात ठेवली आणि चहा पीत बसलो. चिठ्ठी माझी होती. मी काहीही पाहिलं नव्हतं.